खोक्याच्या लाकडाचा वाडगा

आमच्या निघोज्यात पाईनचं झाड औषधालासुद्धा सापडायचं नाही, पण पाईनचं लाकूड मात्र जिकडेतिकडे पडलेलं असतं. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून ज्या मशिनी येतात, त्या पाईनच्या भल्या मोठ्या खोक्यांत बसून येतात. मशीन आत जाते, खोकं बाहेर राहतं. मग ते भंगारवाल्याकडे जातं, तिथून कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला, कुणाच्या चहाच्या टपरीला, आणि उरलंसुरलं बंबात. आमच्या घरी कितीतरी वर्षं आंघोळीचं पाणी कुठल्या देशाच्या लाकडावर तापत होतं ते देव जाणे.

मी त्या लाकडाचे वाडगे करते. लेथवर कातून. वाडगे, मिठाची भांडी, परडीएवढी ताटं, जे जमेल ते. 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मला लिहिण्यापेक्षा कातणं सोपं. पण डोक्यात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. धंद्यात गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची भेटली, पण सगळ्यात अवघड गिऱ्हाईक माझ्याच घरात निघालं, ते म्हणजे माझी सासू. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. तीच गोष्ट सांगणार आहे. मात्र आधी थोडं लाकडाचं सांगावं लागेल, नाहीतर एका वाडग्यापायी मला एवढा घाम का फुटला ते तुम्हाला कळायचं नाही.

मी आधी गावाजवळच्या एका पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होते. गाड्यांचे सुटे भाग बाहेरदेशी पाठवायला खोकी लागतात, ती तिथे बनायची. आम्ही बायका फळ्या जुळवायचो, खिळे मारायचो, छाप उमटवायचो. दिवसभर पाईनच्या वासात. तो वास कुणाला आवडत नाही, मला मात्र पहिल्या दिवसापासून आवडला. उरलेले तुकडे घरी न्यायची परवानगी होती. बाकीच्या बायका चुलीला न्यायच्या. मी त्यातला चांगला तुकडा दिसला की बाजूला ठेवायची. कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. एकदा असाच एक चांगला चौकोनी ठोकळा पिशवीत घातला आणि भोसरीला रशीदचाचांकडे गेले, लाटणं करून घ्यायला.

रशीदचाचा म्हणजे जुने खरादी. खरादी म्हणजे लेथवर लाकूड कातणारा. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी माझा ठोकळा हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत दिला.

"शालनताई, हे लाकूड नाय, हे खोकं हाय. खोक्याला कोण लेथवर चढवतं का?"

"चढवून तर बघा चाचा. नाही झालं तर बंब आहेच."

"मग तूच चढव."

ते चिडवायला बोलले होते, पण मी हटणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "दाखवा कसं चढवायचं ते." त्या दिवशी लाटणं झालं नाही. पटाशी अडकली, ठोकळा सुटून भिंतीवर आपटला आणि चाचा पोट धरून हसले. पण दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले. मग जातच राहिले. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे आणि एरवी शेडमध्ये, असं बरेच दिवस चाललं. शेवटी शेड बंद पडली, तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गोठ्याच्या जागी पत्र्याची खोली करून दिली आणि चाचांनी एका ओळखीच्या वेल्डरकडून जाड अँगलचा लेथ बनवून घेतला. त्यावर चार फुलं वाहून मी धंदा सुरू केला.

लेथचं काम उलटं असतं. सुतार लाकूड धरतो आणि हत्यार चालवतो. इथे लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार धरून उभं राहायचं. पटाशी टेकवली की लाकडाची साल उलगडत जाते आणि आतला आकार बाहेर येतो. ऐकायला सोपं आहे. पण पाईन हे मोठं लबाड लाकूड. त्यात एक रेघ मऊ, एक रेघ कडक. हत्याराला धार नसेल तर मऊ भाग उपटून निघतो आणि वाडग्याच्या पोटाला देवीचे वण आल्यासारखं दिसतं. गाठीतून चीक निघतो आणि हत्याराला चिकटतो. आणि खिळे! खोक्याच्या लाकडात खिळा कुठे मोडून बसला असेल सांगता येत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मी प्रत्येक फळीवरून फिरवते. तरी एखादा खिळा सुटतोच. फिरत्या लाकडात पटाशी खिळ्यावर आपटली की जो आवाज होतो, तो ऐकून काळजाचं पाणी होतं.

आणखी एक गोष्ट. बाहेरदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या खोक्यांवर एक छाप असतो. त्यात एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड भट्टीत तापवून त्यातली कीड मारलेली असते. एमबी लिहिलेलं असेल तर विषारी वायू सोडून मारलेली. एमबीच्या लाकडाचं मी खाण्याचं भांडं करत नाही, मग ते कितीही देखणं असो. शेडमध्ये मी स्वतः छाप मारले आहेत, त्यामुळे त्यातलं मला कळतं. छाप नसलेली फळी तर मी सरळ बाजूला टाकते.

गिऱ्हाईकांचं म्हणाल तर मजाच आहे. तळवड्याच्या आयटी पार्कमधला एक जण वाडगा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणे, "ताई, याला खिळ्याचं भोक आहे, भोवती काळा डाग पण आहे." मी म्हटलं, "भाऊ, खोक्याला खिळा नाही मारणार तर काय टिकली लावणार?" त्याने बदलून नेला. त्याच संध्याकाळी एक मुलगी आली, तिला नेमका तो भोकाचाच हवा होता. दोघं एकाच कंपनीतले असतील तर काय बोलले असतील एकमेकांशी, असा विचार करून मी बराच वेळ हसत होते.

आता आत्याबाईंचं.

आत्याबाई म्हणजे घरातला दरारा. मामंजी गेल्यावर जमिनीचे व्यवहार त्यांनीच पुढे बसून केले. त्यांच्या भाकरीचं नाव सगळ्या निघोज्यात होतं. लाकडी काठवटीत पीठ मळून हातावर थापायच्या, अशी गोल की बघत राहावं. मी लेथ घेतला तेव्हा पहिला विरोध त्यांचाच होता.

"बाईमानसानं त्या मशिनीम्होरं हुभं ऱ्हायचं? पदर गुतला म्हंजी?"

"पदर खोचीन की आत्याबाई."

"खोचलेला सुटतो. मला सांगतीस व्हय!"

दोन दिवस धुसफुसल्या आणि तिसऱ्या दिवशी मामंजींचा जुना सदरा आणून माझ्या अंगावर टाकला. "ह्यो घाल लुगड्यावरनं. आनि हुभी ऱ्हा तुझ्या मशिनीम्होरं." अशी बाई. विरोध पण त्यांचा आणि तोडगा पण त्यांचाच.

पुढे त्यांच्या हाताला कापरं भरायला लागलं. आधी बोटं, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पण जेवायच्या वेळी हात हमखास थरथरायचा. भाकरी थापणं सुटलं. त्याचंही त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. सूनबाईला, म्हणजे माझ्या मुलाच्या बायकोला, पूजाला बसवून शिकवायला लागल्या. "आगं पान्याचा हात लाव. भाकरी हाय ती, फायल न्हाई तुझ्या हापिसातली." पूजा पण हसून घ्यायची.

घोळ झाला तो पूजाचे आईवडील आले तेव्हा. सगळे पंगतीला बसलो होतो. आत्याबाईंनी आमटीची वाटी उचलली आणि हात असा काही उडाला की आमटी त्यांच्या नव्या कोऱ्या लुगड्यावर आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या पांढऱ्या विजारीवर. व्याही बिचारे भले माणूस. "असू द्या, असू द्या," म्हणत राहिले. पण आत्याबाई उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी पंगत सोडली. कारणं रोज नवी. आज भूक नाही, आज उपास आहे, आज पोट जड आहे. सगळ्यांचं झालं की खोलीत ताट मागायच्या आणि ताट परत यायचं ते जवळजवळ जसंच्या तसं. चहात बुडवून बिस्किटं तेवढी खायच्या, कारण बिस्किट सांडत नाही. बघता बघता चोळीच्या बाह्या ढिल्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आपलं काम करतील, पण पोटात अन्न नसेल तर त्यांचा काय उपयोग? आजींना जेवू घाला." मुलगा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की आधी विचारायचा, "आजी जेवली का?" आणि मी तसंच परत आलेलं ताट दाखवायची.

मी एकदा भरवायला गेले. घास पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"मी काय तान्ही हाय? ठिव ते आनि जा."

त्या वेळी खोलीतून बाहेर येताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ज्या बाईने साऱ्या गावाला हाताने करून वाढलं, ती माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. कारण काय, तर आमटी सांडते म्हणून. मी म्हटलं, लोकांना वाडगे करून देते, मग घरच्या माणसाला का नाही?

चांगलं लाकूड निवडलं. मशिनीच्या खोक्याला खाली वजन पेलायला जाड वासे असतात, त्यातले दोन जोडून ठोकळा केला. एकही गाठ नाही, मधासारखा रंग. आणि मी माझी सगळी कला त्यात ओतली. आम्हा कातणाऱ्यांना एक खोड असते, भांडं जितकं पातळ तितकी कातणारी पोहोचलेली. मी तो वाडगा इतका पातळ केला की उजेडापुढे धरला तर कडेतून तांबूस प्रकाश दिसायचा. जवसाचं तेल चोळलं. पूजाने त्याचे फोटो काढले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि दुपारी त्यात आमटी वाढून आत्याबाईंच्या खोलीत नेली.

त्यांनी वाडग्याला हात लावला मात्र, वाडगा ताटात टकटक टकटक नाचायलाच लागला. वजनच नव्हतं त्याला. त्यांनी धरायला जावं आणि त्याने पळावं. शेवटी कलंडला आणि आमटी मांडीवर.

"वाडगा केलास का पाखरू? उडतंय की त्ये!"

त्या बोलल्या हसून, पण पुढे म्हणाल्या, "आनि तुझ्या आमटीला त्या रंगवाल्यांच्या टरपेंटाईनचा वास येतोय बग." आणि ताट सरकवलं.

मी तो वाडगा घेऊन तडक भोसरीला गेले. चाचांचं आता वय झालंय, दुकान मुलगा बघतो, पण चाचा रोज येऊन स्टुलावर बसतात. त्यांनी वाडगा बोटांवर तोलला.

"मस्त झालाय. कोणासाठी?"

मी सगळं सांगितलं. चाचा भडकलेच. "अगं, म्हाताऱ्या हातासाठी केलास, का तुझ्या नावासाठी? कापऱ्या हाताला वजन पायजे. बूड जड कर. तोंड आत वळव, म्हणजे घास काठाला टेकून वर येईल, बाहेर जानार नाय. आणि तेल चोळून लगेच वाढतेस काय? ऊन दाखव त्याला, वास जाऊ दे."

"पण चाचा, पाईनला वजन कुठून आणू? सागाचा करू का?"

चाचांनी मुलाला हाक मारली आणि शेजारच्या वर्कशॉपमधून लोखंडाची एक गोल चकती मागवली. रद्दी पडलेली, बशीच्या मधल्या गोलाएवढी. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बुडात खाच काढ, ही बसव, वरून पाईनचाच तुकडा चिकटव आणि सपाट कात. पोटात काय हाय ते कोणाला कळतंय?"

तसं केलं. जाड काठाचा, आत वळलेल्या तोंडाचा, बुडात लोखंड घातलेला. तेल लावून कितीतरी दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. नाकाशी नेऊन नेऊन मला शिंका यायला लागल्या. मग आधी स्वतः त्यात आमटी खाऊन बघितली. हात मुद्दाम थरथरवून बघितला. वाडगा जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली.

रविवारी सगळे घरी होते. मी आत्याबाईंना बाहेर बोलावलं. "या, आज पंगतीला बसा. तुमच्यासाठी गंमत केलीय." त्या बऱ्याच दिवसांनी बाहेर आल्या. पाटावर बसल्या. सगळ्यांच्या ताटांत स्टीलच्या वाट्या होत्या आणि त्यांच्या ताटात माझा लाकडी वाडगा. मी अगदी कौतुकाने त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते.

त्यांनी स्वतःचं ताट बघितलं. मग एकेकाचं ताट बघितलं. आणि भिंतीला धरून उठल्या.

"मला येगळं काढलंस व्हय गं?"

"आत्याबाई, अहो..."

"कळलं. कळलं मला." आणि दार लागलं.

मुलगा आणि पूजा एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना काही कळेना. मला मात्र तत्काळ कळलं. ते कसं, ते सांगते.

आमच्याकडे पूर्वी घरात वेगळं भांडं एकाच कारणाने निघायचं, माणूस बाजूला काढला म्हणून. कुणाला क्षय झाला की त्याचं ताट वेगळं. आणि बायका महिन्याच्या चार दिवसांत बाजूला बसल्या की त्यांचं ताट वेगळं. आमच्या घरी त्यासाठी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली होती, पोचे पडलेली. ती घरात यायची नाही, गोठ्याच्या कोनाड्यात असायची. चार दिवस त्यात लांबून वाढलेलं जेवायचं, आपणच ती घासायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. मी नवी नवरी असताना मला ती ताटली आत्याबाईंनीच दाखवली होती. मला ते विसरता आलेलं नाही. जेवणापेक्षा ते लांबून वाढणं लागायचं. पुढे ती पद्धत आमच्या घरातून हळूहळू गेली, ताटली पण कुठेतरी भंगारात गेली.

हे सगळं मला आठवलं आणि गंमत म्हणजे आधी वाईट वाटायच्या ऐवजी राग आला. इतके दिवस मर मर मरून केलं आणि हे ऐकून घ्यायचं? मी दार ढकलून आत गेले. आत्याबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"मी वेगळं काढलं तुम्हाला? आणि तुम्ही मला त्या ताटलीत जेवायला घालत होतात, तेव्हा काय होतं ते?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आयुष्यात त्यांना असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्या वळल्या सावकाश. हात मांडीवर थरथरत होता, तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"म्हनून तर ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुज्या आदी मीबी त्यातच जेवलीया. त्यातलं अन्न गळ्याखाली उतरत न्हाई, शालन."

मी त्यांच्या पायाशी बसले. मग त्याच म्हणाल्या, "वाडगा चांगला केलाय तू. पर मला नगं."

मी बाहेर आले तेव्हा मालक आणि मुलं ताटावर तशीच बसली होती. मी म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या. मला काम आहे." आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन लेथ सुरू केला.

आता हे ऐका. एक वाडगा करणं सोपं. एकसारखे पाच करणं ही खरी परीक्षा. चाचा नेहमी सांगायचे की पलंगाचा एक पाय कोणीही कातेल, उरलेले त्याच्यासारखे निघाले तर तो खरादी. हाताने कातलेल्या दोन वस्तू जुळ्या भावंडांसारख्या निघाव्या लागतात, आणि पाईनमध्ये तर रेघासुद्धा दगा देतात. मी पत्र्याचा साचा कापला, आत्याबाईंच्या वाडग्याच्या अंगाला घट्ट बसेल असा, आणि प्रत्येक वाडगा थांबवून थांबवून त्याला लावून बघितला. लाकूड त्याच खोक्याचं घेतलं, नाहीतर रंगात फरक पडला असता. चौथ्या वाडग्याला, सगळं होत आलं असताना, खिळा निघाला. चुंबक फिरवूनसुद्धा. पटाशीचं तोंड गेलं आणि वाडगा उभा चिरला. मी अशा काही शिव्या घातल्या त्या खोकं ठोकणाऱ्या परदेशी माणसाला की मालक धावत आले. म्हणाले, "काय झालं? कोण आलंय?" मग माझं मलाच हसू आलं. मीही शेडमध्ये असे किती खिळे आत मोडून ठेवले असतील, त्यांच्या देशात माझ्या नावाने कोण ओरडत असेल!

पुन्हा ठोकळा जोडला, पुन्हा कातलं. शेवटी पाच वाडगे ओट्यावर ओळीने ठेवले आणि पूजाला विचारलं, "यातला आत्याबाईंचा कुठला?" तिने निरखून निरखून बघितलं आणि चुकीचा दाखवला. मला तेवढंच हवं होतं. मात्र चार वाडग्यांचं बूड साधं ठेवलं होतं. लोखंड एकट्या आत्याबाईंच्याच वाडग्यात होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या ताटांत लाकडी वाडगे मांडले. मालकांनी तोंड वाकडं केलं. "मला आपली स्टीलची वाटी बरी. लाकडात आमटी म्हंजी..."

"गप जेवा," मी म्हटलं. एवढं पुरलं.

मग आत्याबाईंच्या दाराशी गेले. या खेपेला गंमतबिंमत काही म्हटलं नाही. "ताटं वाढलीत. सगळे थांबलेत," एवढंच म्हटलं. मला वाटलं नव्हतं त्या येतील. जरा वेळाने काठी टेकत आल्या. पाटाजवळ उभ्या राहून त्यांनी सगळ्या ताटांवरून नजर फिरवली. मुलाच्या, पूजाच्या, मालकांच्या, माझ्या. मग बसल्या.

हात थरथरतच होता. पण वाडगा हलला नाही. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी आतल्या काठाला टेकवला आणि तोंडाशी नेला. थोडं हनुवटीवर ओघळलं, ते त्यांनी पदराने पुसलं. कोणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं पण कोणी दाखवलं नाही. अर्धी भाकरी खाल्ली. मग पूजाला म्हणाल्या, "भाकरी कच्ची ऱ्हायलीया कडेला," आणि ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. बाई दुसऱ्याच्या भाकरीत खोट काढायला लागली म्हणजे ती जेवायला बसली आहे.

तेव्हापासून आमच्या घरी आमटीला स्टीलची वाटी नाही. पाहुणे आले तर त्यांना पण लाकडी, त्यासाठी आणखी करून ठेवलेत. व्याही मध्यंतरी आले होते, त्यांनी तर एक मागून नेला. आत्याबाईंच्या अंगावर काही फार मांस आलं नाही, वयच ते. पण रोज पंगतीला बसतात आणि रोज काहीतरी नाव ठेवतात. माझा समज असा, की एवढी युक्ती लढवली ती मला आणि चाचांना ठाऊक, तिसऱ्या कुणाला नाही. मी त्या समजात मोठ्या खुशीत होते.

परवाची गोष्ट. एरवी वाडगे मीच मांडते, पण त्या दिवशी पूजाने ते घासून घाईघाईत ताटांत मांडले आणि ऑफिसच्या फोनला बाहेर गेली. बाकी कोणी आलं नव्हतं. मी आतून भाताचं पातेलं घेऊन येत होते आणि दारातच थांबले. आत्याबाई पाटावर न बसता वाकून उभ्या होत्या. थरथरत्या हाताने त्यांनी स्वतःच्या ताटातला वाडगा उचलला, तोलला आणि नाकारल्यासारखी मान हलवली. मग मुलाच्या ताटातला उचलला, खाली ठेवला. पूजाचा उचलला, ठेवला. मग मालकांच्या ताटातला उचलला आणि थांबल्या. तो त्यांनी आपल्या ताटात आणला, आपला मालकांच्या ताटात ठेवला, आणि नीट मधोमध सरकवून पाटावर बसल्या.

मग त्यांना मी दिसले.

"हुभी काय ऱ्हायलीस बगत?" आत्याबाई म्हणाल्या. "वाढ की. भूक लागलीया मला."